न उघडलेल्या पानांची मोजदाद

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंकचा पाऊस सुरू होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, सीईटीनंतरच्या फेऱ्यांचं वेळापत्रक, एखाद्या ट्रस्टच्या शैक्षणिक मदतीची जाहिरात, करिअर मार्गदर्शन शिबिराची नोंदणी. लिंक पाठवणाऱ्याचं काम तिथे संपतं. दोन निळ्या खुणा उमटल्या की माहिती पोचली, असं आपण धरून चालतो. लिंकवर बोट ठेवल्यानंतर समोर काय होतं, याचा हिशोब मात्र फारसा कुणी ठेवत नाही. पांढरा पडदा, वरच्या बाजूला सरकणारी बारीक रेघ, पाच सेकंद, दहा सेकंद. मग बोट मागे येतं. ‘नंतर बघू’ असं ठरतं आणि अर्जाची तारीख निघून जाते.

वेबसाइट किती वेगाने उघडते, हा विषय अग्रलेखाला जरा तांत्रिक वाटेल. शिक्षण, रोजगार, प्रतिनिधित्व, स्त्रियांचे हक्क या विषयांच्या रांगेत तो कुठे बसतो, असंही कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे. या सगळ्या गोष्टींचा अर्ज आता एका वेबसाइटवर भरावा लागतो. जे पान उघडतच नाही त्यावर काय सोय लिहिली आहे, याला अर्थ उरत नाही. आपण सबील लावली, सरबत चांगलं केलं, पण ती चौथ्या मजल्यावर मांडली, तर तहानलेल्यांपैकी वर चढू शकणारेच पिऊन जातील. आणि खाली कितीजण आले होते, हे वर बसलेल्याला कधीच कळणार नाही.

६४ केबीपीएसचा हिशोब

आधी साधी आकडेमोड करू. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचं वजन बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १ एमबीपीएस वेग म्हणजे सेकंदाला १२५ केबी. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. या २ एमबीपीएसवर ३ एमबी वजनाचं पान उतरायला १२ सेकंद लागतात. ३ एमबी हे काही फार मोठं वजन नाही. जगभरातल्या संकेतस्थळांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पानुसार मोबाइलवरच्या मध्यम पानाचं वजन २०२४ मध्येच २ एमबीच्या पुढे गेलं होतं. मुखपृष्ठावर पाच-सहा मोठे फोटो फिरवणारं कुठल्याही संस्थेचं पान ३ एमबी सहज ओलांडतं.

आता आपल्या ओळखीच्या परिस्थितीकडे या. रोज दीड किंवा दोन जीबीच्या अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. त्या वेगाने ३ एमबीचं पान उतरायला ३७५ सेकंद लागतात, सव्वासहा मिनिटं. ३०० केबीचं पान ३७ सेकंदांत येतं. १०० केबीचं पान साडेबारा सेकंदांत. पहिलं पान कुणी उघडणार नाही. दुसऱ्यासाठी गरजवंत थांबेल. तिसरं चिडत का होईना, पण वाचलं जाईल.

कोटा कुणाचा संपतो, हेही पाहिलं पाहिजे. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तिथे दिवसभर तो वडिलांकडे किंवा भावाकडे असतो. कामाचे फोन, रील्स, क्रिकेट, सगळं त्यावर होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर तो मुलीच्या हातात येतो, तेव्हा डेटा संपलेला असतो. जे पान दुपारी भावाला आठ सेकंदांत उघडलं, तेच तिला उघडत नाही. तिला कुणी अडवलेलं नाही, नियम सगळ्यांना सारखे आहेत, वेबसाइटही एकच आहे. तरी वाटणी झालेली आहे.

नेट बरं असलं तरी दुसरी अडचण फोनची असते. पान उतरलं म्हणजे ते चाललं असं होत नाही. फोटो नुसता दाखवायचा असतो. जावास्क्रिप्ट मात्र फोनच्या प्रोसेसरला वाचावी लागते, समजून घ्यावी लागते आणि चालवावी लागते. तीच स्क्रिप्ट महागड्या फोनवर पापणी लवायच्या आत चालते. सात-आठ हजारांच्या किंवा चार वर्षं वापरलेल्या फोनवर तिला कितीतरी पट वेळ लागतो. पान दिसतं, पण ‘अर्ज करा’ दाबलं तरी काही होत नाही. माणूस पुन्हा पुन्हा दाबतो आणि शेवटी म्हणतो, साइट बंद आहे. संस्थेच्या कार्यालयात, वायफायवर, नव्या लॅपटॉपवर हीच साइट झकास चालत असते. म्हणून तक्रार खोटी वाटते.

सरासरी कुणाची?

दुरुस्तीच्या आधी मोजमाप हवं. त्याची साधनं फुकट आहेत. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे पान मोबाइलवरही उघडतं. त्यात कुठल्याही संकेतस्थळाचा पत्ता टाकला की दोन प्रकारची माहिती मिळते आणि या दोन प्रकारांतला फरक समजून घेणं गरजेचं आहे.

पहिली माहिती प्रयोगशाळेतली. लाइटहाउस नावाचं साधन ते पान एका ठरावीक, मुद्दाम मंद केलेल्या परिस्थितीत चालवून बघतं. साधारण १.६ एमबीपीएसचा वेग, प्रत्येक फेरीला १५० मिलिसेकंदांचा उशीर आणि प्रोसेसरचा वेग चौपट कमी. यातून शंभरपैकी गुण मिळतात. एकाच पानाचे गुण दर वेळी थोडे बदलतात, म्हणून चाचणी चार-पाच वेळा करून मधला आकडा धरावा. दुसरी माहिती मैदानातली, म्हणजे क्रोम ब्राउझर वापरणाऱ्या खऱ्या वाचकांच्या मागच्या २८ दिवसांतल्या भेटींची. लहान संस्थांच्या संकेतस्थळांना पुरेशी वर्दळ नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी हा भाग बहुतेकदा रिकामा दिसतो.

गुगलने २०२० मध्ये या मोजमापाला ‘कोअर वेब व्हायटल्स’ असं नाव दिलं. त्यात तीन आकडे आहेत. पानावरचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे मुख्य फोटो किंवा मथळा, दिसायला लागलेला वेळ म्हणजे एलसीपी. तो अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगला, चार सेकंदांच्या वर गेला तर वाईट. बटण दाबल्यावर पानाने प्रतिसाद द्यायला लावलेला वेळ म्हणजे आयएनपी. हे मोजमाप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगलं, ५०० च्या वर वाईट. वाचता वाचता मजकूर खाली-वर उड्या मारतो, त्याचं मोजमाप म्हणजे सीएलएस. ०.१ पर्यंत चांगलं, ०.२५ च्या वर वाईट. अर्जात ‘हो’वर बोट नेताना वरून जाहिरात घुसते आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. हा तिसरा आकडा त्याची नोंद ठेवतो.

हे तिन्ही आकडे सरासरीने सांगत नाहीत, हे लक्षात घ्या. समजा दहा जणांनी पान उघडलं. नऊ जणांना दोन सेकंद लागले, एकाला चाळीस. सरासरी येते ५.८ सेकंद. हा वेग त्या दहांपैकी एकाच्याही वाट्याला आलेला नाही. म्हणून सगळ्या भेटी वेगाप्रमाणे ओळीने लावतात आणि शंभरात पंचाहत्तराव्या जागी काय आहे, ते पाहतात. तिथला आकडा चांगला असेल तर चारपैकी तीन भेटी नीट झाल्या असं मानतात.

सरासरी काय झाकते, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, त्याआधीही देशाच्या शिक्षणाचे आणि नोकऱ्यांचे आकडे प्रसिद्ध होतच होते. पण मुस्लिम त्यात कुठे आहेत, हे एकत्रित आकड्यांतून दिसत नव्हतं. समितीने मोजणी वेगळी मांडली आणि लांगूलचालनाच्या आरोपांसमोर प्रत्यक्ष परिस्थिती ठेवता आली. वेगळं मोजलं की मागे राहिलेला दिसतो, हा त्या अहवालाचा धडा संकेतस्थळालाही लागू आहे. म्हणून पंचाहत्तरावर थांबून चालणार नाही. उरलेले पंचवीस कोण आहेत? दुकानासाठी असलेला चौथा हिस्सा नफ्या-तोट्याचा प्रश्न असेल. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेसाठी तोच हिस्सा मदतीची सर्वाधिक गरज असलेला असू शकतो. आपण पंच्याण्णवावी जागाही पाहिली पाहिजे.

जे मोजणीतच येत नाहीत

यापुढची अडचण अधिक खोल आहे. क्रिस झकारियास हे यूट्यूबमध्ये अभियंता असताना व्हिडिओच्या पानाचं वजन १.२ एमबीपर्यंत गेलं होतं. त्यांनी ते १०० केबीच्या आत आणायचं ठरवलं. अनावश्यक गोष्टी काढत काढत ९८ केबी आणि सर्व्हरकडे फक्त १४ मागण्या, असं पान तयार झालं. त्याला ‘फेदर’, म्हणजे पीस, असं नाव दिलं. काही वाचकांना ते पान दाखवायला सुरुवात केली आणि आठवड्याने आकडे पाहिले, तर पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला होता.

कोडं सुटलं ते आकडे प्रदेशानुसार वेगळे केल्यावर. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरियाचे दुर्गम भाग, अशा ठिकाणांहून येणारी वर्दळ एकदम वाढली होती. जुनं पान तिथे उघडायला वीस मिनिटांहून जास्त लागत. म्हणजे ते उघडतच नव्हतं. नवं पान दोन मिनिटांत उघडू लागलं. दोन मिनिटं हा वेळ वाईटच, पण त्या माणसांना यूट्यूब पहिल्यांदाच पाहता येत होतं. त्यांच्या मंद जोडणीने सरासरी वाढवली. झकारियास यांनी हा अनुभव २०१२ मध्ये लिहून प्रसिद्ध केला.

या गोष्टीतली मोलाची बाब ही की फेदरच्या आधी यूट्यूबचे आकडे खोटे नव्हते. ते फक्त आत येऊ शकलेल्यांचे होते. आजही तसंच घडतं. पडद्यावर काहीच उमटायच्या आत टॅब बंद झाला, तर त्या भेटीचा एलसीपी नोंदलाच जात नाही. वाचकसंख्या मोजणारी स्क्रिप्ट पानाच्या शेवटी उतरते. तोवर माणूस निघून गेला तर तो आलाच नव्हता, असं धरलं जातं. मग वार्षिक सभेत अहवाल येतो की आपले बहुतेक वाचक मुंबई, पुणे आणि आखाती देशांतले आहेत, परभणी-जळगावकडून प्रतिसाद कमी आहे, तिकडे जागृतीची गरज आहे. जागृती कदाचित पुरेशी असेल आणि पान जड असेल, ही शक्यता त्या सभेत कुणी मांडत नाही.

तपासायला एक ढोबळ मार्ग आहे. सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक मागणी लिहिली जाते, पान पूर्ण उघडो वा न उघडो. त्या नोंदी आणि वाचकसंख्या मोजणाऱ्या स्क्रिप्टचे आकडे शेजारी ठेवून पाहा. तफावतीतला काही भाग यंत्रांच्या भेटींचा असतो, काही जाहिराती अडवणाऱ्या ब्राउझरचा. ते वजा करूनही मोठा फरक उरला, तर ती दारातून परत गेलेली माणसं असू शकतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, कोटा संपू द्या आणि आपल्याच संस्थेचा अर्ज भरून पाहा.

वजन कशाचं आहे?

बहुतेक संकेतस्थळांवर पहिला दोषी फोटो असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० बिंदूंचा असतो आणि त्याचं वजन ३ ते ५ एमबी भरतं. पारितोषिक वितरणाचा तो फोटो जसाच्या तसा चढवला जातो आणि फोनवर तो बोटभर रुंदीत दिसतो. तोच फोटो ८०० बाय ६०० केला तर बिंदू पंचविसाव्या हिश्श्यावर येतात. वेबपी स्वरूपात साठवला तर वजन सहसा १०० केबीच्या आत राहतं. पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

दुसरा दोषी आपल्या भाषांच्या इतिहासातून आलेला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या प्रणालींत आणि उर्दू मजकूर इनपेजमध्ये जुळवला जाई. तो वेबसाइटवर सरळ उतरत नसे, म्हणून पानाचं चित्र करून चढवायची पद्धत पडली. उर्दू वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं असंच केलं, कारण नस्तालिक लिपी पडद्यावर नीट उमटवणं अवघड होतं. ती अडचण आता राहिलेली नाही, सवय मात्र राहिली आहे. आजही सूचना म्हणजे हिरव्या पार्श्वभूमीवरचं पोस्टर, परिपत्रक म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ.

याची किंमत मोजू. युटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दू अक्षराला २ आणि देवनागरी चिन्हाला ३. मराठी यात तिप्पट महाग पडते, हे खरं. तरी अडीच हजार शब्दांचा लेख साधारण ५० केबी होतो आणि सर्व्हरने तो आवळून पाठवला तर १०-१५ केबी उरतो. ६४ केबीपीएसवरही हा निव्वळ मजकूर दोन सेकंदांत पोचतो. त्यातल्या शंभर शब्दांचं पोस्टर दीड एमबीचं केलं, तर त्याच वेगाने तीन मिनिटांहून जास्त लागतात. शिवाय चित्रातला मजकूर गुगलला सापडत नाही, मोठा करून वाचता येत नाही, शेवटची तारीख त्यातून उचलून मैत्रिणीला पाठवता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही.

तिसरा मुद्दा फॉन्टचा. देवनागरीत जोडाक्षरं असल्याने फॉन्टमध्ये शेकडो आकार ठेवावे लागतात. उर्दूच्या नस्तालिकमध्ये शेजारच्या अक्षरानुसार आकार बदलतात, म्हणून तो फॉन्ट आणखी जड. चार-चार जाडीचे फॉन्ट जोडले की मजकुरापेक्षा त्याचे कपडे भारी होतात. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो, तो वापरला तर उतरवायला काहीच लागत नाही. खास फॉन्ट हवाच असेल तर एकच जाडी घ्यावी, डब्ल्यूओएफएफ२ स्वरूपात घ्यावी आणि तो येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सोय ठेवावी. फॉन्ट येत नाही तोवर अक्षरच दिसू नये, हा प्रकार वाचकाला रिकामं ताट वाढण्यासारखा आहे.

चौथा भाग पाहुण्यांचा. फेसबुकची चौकट, यूट्यूबची खिडकी, ट्विटरची पट्टी, चॅटचं बटण, तीन-तीन ठिकाणी वाचक मोजणाऱ्या स्क्रिप्ट. प्रत्येक पाहुणा स्वतःचं सामान घेऊन येतो आणि वाचकाच्या डेटावर राहतो. वाचकाच्या वागण्याची माहितीही बाहेर नेतो. मुस्लिम तरुणांच्या चळवळीने तरी याचा दुसऱ्यांदा विचार करायला हवा.

पाचवी गोष्ट अंतराची. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर मुंबईपासून तो सुमारे १३,००० किलोमीटरवर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका फेरीला किमान १३० मिलिसेकंद, प्रत्यक्षात २०० च्या आसपास. सुरक्षित जोडणी होऊन पानाची पहिली ओळ यायला साधारण तीन फेऱ्या लागतात. काही न करता अर्धं-पाऊण सेकंद तिथेच गेलं. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं आता मुंबई-पुण्यात आहेत. सीडीएन वापरलं तर पानाची प्रत वाचकाच्या जवळ ठेवता येते. नाशिकची शाळा आणि मालेगावचा विद्यार्थी यांच्यामधला निरोप अटलांटिक ओलांडून यायची गरज नाही.

आधी काय करावं?

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी फोटो लहान करा आणि फिरता स्लायडर काढा. मुखपृष्ठाचं निम्मं वजन बहुतेकदा यातच जातं. दुसऱ्या दिवशी न वापरलेले प्लगइन आणि पाहुण्या स्क्रिप्ट काढा. तिसऱ्या दिवशी सर्व्हरवर मजकूर आवळून पाठवायची आणि एकदा उतरलेलं पुन्हा न उतरवण्याची सोय चालू करा. वर्डप्रेसमध्ये हे एका कॅश प्लगइनने होतं. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच उतरतील असं करा, पण सर्वांत वरच्या फोटोला हा नियम लावू नका, नाहीतर एलसीपी उलट बिघडतो. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधी लिहून ठेवा, म्हणजे मजकूर उड्या मारणार नाही. दर बदलानंतर पुन्हा मोजा. एकदम दहा बदल केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. ‘आता ५जी आलंय.’ ऑक्टोबर २०२२ पासून ते देशात आहे. पण रस्ता रुंद झाला म्हणून बैलगाडी मोटार होत नाही. जुना फोन आणि संपलेला कोटा ५जीने बदलत नाही. ‘पैसे नाहीत.’ इथे बहुतेक कामं काढून टाकण्याची आहेत. हलक्या पानाला सर्व्हरही स्वस्त लागतो. ‘लोक इन्स्टाग्रामवरच आहेत, वेबसाइट हवी कशाला?’ जाहिरातीसाठी इन्स्टाग्राम ठीक आहे. पण मागच्या वर्षीची सूचना तिथे शोधून दाखवा. आपल्या संस्थांची स्मृती कुणा कंपनीच्या फीडमध्ये ठेवली, तर ती आपली राहत नाही.

सरकारी पोर्टलचा प्रश्न वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. शेवटच्या तारखेला पोर्टल बसतं, यात पानाच्या वजनापेक्षा सर्व्हरच्या क्षमतेचा दोष मोठा असतो. तरी जड पान प्रत्येक मागणीला सर्व्हरचं काम वाढवतं, त्यामुळे दोन्ही जोडलेले आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू नावाचे मार्गदर्शक निर्देश आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. ‘साइट चालत नाही’ या निवेदनाला ‘आमच्याकडून चालते’ असं उत्तर मिळतं. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक फोनवर, पाच चाचण्यांत पान इतक्या सेकंदांत उघडलं आणि तीनदा उघडलंच नाही, अशा निवेदनाला तसं उत्तर देता येत नाही. अर्जाच्या शेवटच्या तीन दिवसांत पोर्टल किती तास बंद होतं, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येतं. मुदतवाढ मागताना असा कागद हातात असणं वेगळं आणि घोषणा देणं वेगळं.

पण सरकारला विचारण्याआधी आपल्या अंगणात पाहायला हवं. आपल्या शिक्षणसंस्था, ट्रस्ट, जमातींची कार्यालयं, वाचनालयं आणि हे मासिक यांच्यासाठी कुणाचा आदेश लागत नाही. वाचकाचा डेटा आणि वेळ ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. तो गरीब असेल तर जास्तच. ती उधळण्याचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून या मासिकासाठी आम्ही वजनाची मर्यादा ठरवत आहोत. कुठल्याही लेखाचं पान, मराठी असो की इंग्रजी, फोटो धरून ३०० केबीच्या वर जाणार नाही. लाइटहाउसच्या मंद चाचणीत ते अडीच सेकंदांच्या आत वाचायला मिळेल. एखादा फोटो किंवा सजावट या मर्यादेत बसत नसेल तर ती जाईल, मजकूर राहील. दर तीन महिन्यांनी आमचे आकडे इथेच छापले जातील, चांगले असोत वा वाईट.

आणि वाचकांकडे एक काम आहे. तुमच्यातले कितीतरी जण अभियांत्रिकीला आहेत, बीसीए-बीसीएस करत आहेत, वर्डप्रेसची छोटी कामं घेत आहेत. आपल्या गावातली एक संस्था निवडा. तिचं पान स्वस्त फोनवर, वायफायशिवाय, पाच वेळा उघडा. वेळ, तारीख, फोनचं मॉडेल आणि पानाचं वजन एका कागदावर लिहा. तो कागद घेऊन सचिवांना भेटा. त्यांना एलसीपी समजावत बसू नका. त्यांच्या समोर त्याच फोनवर पान उघडा आणि ते उघडेपर्यंत त्यांनाच थांबायला सांगा. मग फोटो लहान करायला दोन तास द्या. आम्हाला आधीचे आणि नंतरचे आकडे कळवा. संस्थेचं नाव छापायची गरज नाही, आकडे पुरेसे आहेत.